महिनाअखेरचा स्वयंपाक

भरल्या घरात गोष्टी कमी घडतात. डबे रिकामे व्हायला लागले की किस्से साठायला लागतात. आमच्याकडे भरपूर साठलेत. नवरा इथे गंगेकाठी, भोसले घाटाजवळ एका छोट्या खाजगी शाळेत संस्कृत शिकवतो. पगार येतो तेव्हा येतो. मुली दोन, सई आणि ओवी. आणि शेजारच्या सुमनकाकू, ज्यांनी मला थोड्यात घर जेवू घालायला शिकवलं.

काकू बाजार उठायच्या वेळी भाजीला जातात. एकदा आमच्यासाठी गोबी, म्हणजे फ्लॉवर, घेतली आणि भाजीवाल्याने तोडून टाकलेली कोवळी पानंही पिशवीत भरली. डाळ घालून त्यांची भाजी झकास होते. भाजीवाल्याने विचारलं, "गाय पाली हैं का, माताजी?"

"हाँ, दो हैं," काकू म्हणाल्या. "दोनों स्कूल जाती हैं।"

सईच्या टिफिनात मी बऱ्याचदा फोडणीची पोळी देते. तिने वर्गात सांगून ठेवलं, ही महाराष्ट्राची बिर्याणी. एका मैत्रिणीची आई रेसिपी विचारायला घरी आली. आदल्या दिवशीच्या पोळ्या लागतात म्हटल्यावर तिचा चेहराच पडला. ताज्या चालणार नाहीत का, म्हणाली. काकूंनी गंभीरपणे मान हलवली. "असली चीज़ के लिए एक दिन रुकना पड़ता है।"

पुलापलीकडे, गंगेच्या दुसऱ्या काठावर रामनगरला वांगी स्वस्त मिळाली म्हणून नवरा एकदा पिशव्या भरून घेऊन आला. मग भरीत, काप, भात, पुन्हा भरीत. शेवटी सई ताटाकडे बघत म्हणाली, "बाबा, पूल आहे म्हणून रोज गंगा ओलांडायलाच हवी असं नाही."

आणि ओवीचा वाढदिवस. आम्हाला न विचारता तिने मैत्रिणी बोलावल्या, तेही महिनाअखेरीला. केक आणणं शक्यच नव्हतं. काकूंच्या घरी लाल भोपळा होता, माझ्याकडे कणीक आणि गूळ. आम्ही भराभर घारगे तळले. काकूंनी त्यांची उंच चळत रचली आणि वर निरांजन लावून ठेवलं. मुली फुंकर मारायला सरसावल्या, तर काकूंनी अडवलं. दिवा फुंकून विझवायचा नसतो, म्हणाल्या. ओवीचे डोळे भरून आले.

काकूंनी दिवा अलगद उचलला आणि ओवीला म्हणाल्या, "वरचा तुझा. घे." दिवा पुन्हा चळतीवर. मग पुढची मुलगी, पुन्हा दिवा वर. तो विझू नये म्हणून पोरी श्वास रोखून बसल्या. चळत संपेपर्यंत हेच चाललं.

तेवढ्यात नवरा शाळेतून आला. रिकाम्या ताटात दिवा तेवतोय आणि भोवती पोरी चिडीचूप. चपला दाराशीच काढून त्याने हात जोडले आणि हळूच विचारलं, "आरती हो गई?"

"नहीं अंकल," एक मुलगी म्हणाली, "केक खत्म हो गया।"