शेवटच्या किल्ल्याच्या अलीकडे

दिनांक ३ जानेवारी १९९९, रविवार. रक्कम तीनशे रुपये, महिनाअखेरपर्यंतचं भाडं. हजर तिघं: बाजारातला टीव्ही दुरुस्त करणारा दुकानदार, मी, आणि आमच्या शेजारची बाई. जिच्यासाठी हा टीव्ही गेम भाड्याने घेतला ती माझी बायको घरी खाटेवर होती. नळावर पाय घसरून घोट्याचं हाड मोडलं होतं आणि गुडघ्यापर्यंत प्लास्टर होतं.

घुग्घुसच्या खाणीच्या कॉलनीत आमचं दोन खोल्यांचं क्वार्टर. मी टाइम ऑफिसात हजेरी लिहायचो. कोळशाचे ट्रक दारावरून जात, म्हणून रस्त्याकडची खिडकी आम्ही उघडत नसू. बायको दिवसभर भिंत बघत पडून असे. “निदान खेळंल तरी,” असं शेजारची बाई म्हणाली, म्हणून मी तयार झालो.

गेमबरोबर मिळालेल्या दोन कॅसेटपैकी एकच चालली. त्यात टोपीवाला बुटका माणूस धावतो, खड्डे ओलांडतो, कासवांवर उड्या मारतो. आठ मुलूख पार केले की शेवटच्या किल्ल्यात कोंडलेली राजकन्या सुटते. सुरुवातीला तीन जीव. मला वाटलं, पोरखेळ आहे. पण दोन दिवस बघितल्यावर लक्षात आलं की यात नशिबाचा भाग जवळजवळ नाही. कासव रोज त्याच जागी भेटतं. बटण जास्त वेळ दाबलं तर उडी उंच, कमी दाबलं तर ठेंगणी. पडलं तर चूक आपली, आणि ती पुढच्या खेपेला सुधारता येते. आमच्या ऑफिसात असं काही नव्हतं. मी जुन्या हजेरीपत्रकाच्या मागे कुठल्या विटेत जास्तीचा जीव आहे ते लिहू लागलो.

एक गोष्ट मात्र बायकोनेच आधी हेरली. तो माणूस पुढे गेला की मागचा रस्ता बंद होतो. पडद्याची डावी कड त्याला अडवते.

“याले बी मांग जाता येत नाई जी,” ती म्हणाली.

बटण बंद केलं की सगळं पहिल्यापासून. म्हणून ती खेळ थांबवून जेवायची, मशीन चालूच ठेवायची. शेजारची बाई दारातून विचारायची, “वहिनी, कुठी पोचला तुमचा टोपीवाला?”

“सहाव्यात मेला.”

“रोजच मरते बिचारा! भाऊले पाठवा त्याच्या जागी.”

१ फेब्रुवारीला, सोमवारी, प्लास्टर कापायचं होतं. त्याच आठवड्यात गुरुवारी माझी आई मूल या तालुक्याच्या गावाजवळच्या आमच्या खेड्याहून राहायला येणार होती. बायको मला सरळ बोलली, “पाय सुटला का मले कोण बसू देणार हाय? सोमवारच्या आत थे राजकन्या मले पाह्यची हाय.” गंमत नव्हती त्यात. लग्नाला सात वर्षं झाली होती आणि बसून काही करायला तिला हाड मोडावं लागलं होतं.

शनिवार, ३० जानेवारी. मी दुसऱ्या पाळीला होतो, म्हणून सकाळी स्वयंपाक माझ्याकडे. सिलिंडर संपला होता. शेजारच्या बाईने तिचा तारेचा हिटर आणून दिला. वीज खाणीची, फुकट, हिटरला मनाई. तरी आमचं सोडून प्रत्येक घरात होता. तपासणीची जीप दिसली की ओळीतलं पहिलं घर थाळी वाजवायचं आणि बाकीचे हिटर काढून पलंगाखाली सारायचे. मी नियमाचा माणूस. सात वर्षांत हिटर वापरला नव्हता. त्यामुळे थाळी वाजल्यावर काय करतात ते फक्त ऐकून होतो.

अकरा वाजता बायको आठव्या मुलखात होती. चार जीव शिल्लक. हिटरवर भात शिजत होता. थाळी वाजली.

बाकीच्यांनी प्लग काढले. मी धावत जाऊन मेन स्विच खाली ओढला.

जीप पल्स पोलिओची निघाली.

बायको काळ्या पडद्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “मेन काऊन पाडला तुम्ही?” दारातून शेजारची बाई म्हणाली, “भाऊ, चोरी करायची तं शिकून तरी घ्यायची!”

त्या दुपारी मी तीन दिवसांच्या रजेचा अर्ज दिला, सोमवार ते बुधवार. सोमवारी डॉक्टरांनी प्लास्टर कापलं. पाय काडीसारखा निघाला होता. घरी आल्यावर मी तिला पुन्हा खाटेवर बसवलं आणि तिन्ही दिवस भांडी, पाणी, स्वयंपाक मी केला, कोळशाच्या शेगडीवर, धुरात. तिने पहिल्या मुलखापासून सुरुवात केली. सोमवारी सातव्यात मेली, मंगळवारी आठव्यात.

बुधवारी दुपारी तीनला ती शेवटच्या किल्ल्यात शिरली. एकच जीव. मी परात हातात धरून उभा होतो. राक्षसाच्या डोक्यावरून उडी, पूल कोसळला, राजकन्या दिसली. इंग्रजीत काही ओळी आल्या.

“काय लिवलं हाय?”

मी वाचलं. “तुझं काम झालं, म्हणते. आता नवीन काम देते. बटण दाब.”

तिने दाबलं. तोच पहिला मुलूख आला, फक्त साध्या कीटकांच्या जागी आता टणक कवचवाले होते.

“म्हंजे पुन्यांदा तेच, अन् जास्त कठीण,” ती म्हणाली. मशीन तिने स्वतः बंद केलं, वायर गुंडाळली आणि लंगडत शेगडीकडे गेली. मी नको म्हटलं, तर म्हणाली, “उद्या आई येऊन राह्यल्या. पीठ मळू द्या.”

संध्याकाळी मशीन परत केलं. फेब्रुवारीचे तीन दिवस, रोजचे वीस, साठ रुपये दुकानदाराला दिले. माझ्या खात्यातल्या तीन रजा गेल्या.