बिनवायरचा फोन आणि चंपतरावांची स्लॅब

त्या उन्हाळ्यात आमच्या नंदनवन वस्तीत बातमी पसरली, की चंपतरावांच्या डोक्यावर परिणाम झाला. भरदुपारी ते गल्लीतून फोनचा रिसीव्हर कानाला लावून हिंडत. रिसीव्हरला वायर नाही, आणि हे ओरडून राहिले, "आता लिंबाखाली आलो! आता नळापाशी आलो!" गल्लीतल्या प्रयागबाईंनी तर सरळ सांगून टाकलं, माणूस वर गेलेल्या मायशी बोलते.

साफ खोटं. ते जावयाशी बोलत होते, त्यानंच आणून दिलेल्या नमुन्याच्या फोनवर, कुठवर ऐकू येतं ते पाहायला. जावई रविंद्र हिंगण्याला फोनच्या कारखान्यात. नव्या मॅनेजरनं तिथं ठरवलं होतं, की वायरवाले फोन बंद, यापुढं फक्त बिनवायरचे. त्यासाठी कंपनीनं शेअर काढले होते, आणि सासऱ्यांनी घ्यावेत म्हणून जावई मागं लागला होता. चंपतरावांजवळ पैसा होता, पण तो छताची टिनं काढून स्लॅब टाकायला ठेवलेला.

"टिनाखाली भाजून निघालो आम्ही," प्रेमिलाकाकू म्हणायच्या, "अन् यांले हवेत बोलायचं सुचते!"

"जावयाले नाही कसं म्हणू वं?"

"मग मले म्हणा नाही!"

चंपतरावांचं आयुष्य उमरेडच्या बाजारात बैलांची दलाली करण्यात गेलेलं. ते कंपनीचे कागद वाचत नसत, बैल पाहत. मॅनेजर साहेब स्वतः फोन दाखवायला आले तेव्हा त्यांनी रिसीव्हर उलटा करून खालून पाहिला. मला वाटलं, आता दात मोजतात.

"देखिए चंपतरावजी," साहेब घसा खाकरून म्हणाले, "जमाना वायर काटने का है! अख्खी कंपनी आम्ही यावर लावली."

"एकटा बैल कसाही चालते साहेब. मले जोडी जुंपून दाखवा."

गल्लीत फोन दोनच. एक गणपतरावांच्या किराणा दुकानात, चंपतरावांच्या भिंतीला लागून, आणि दुसरा समोर डॉक्टरांकडे. साहेबांनी दोन्हीकडच्या फोनला बिनवायरचे डबे बसवून दिले. दुकानातला रिसीव्हर चंपतरावांच्या खाटेवर आला.

आणि काय बहार झाली! डॉक्टरांकडचं सगळं चंपतरावांना ऐकू येऊ लागलं, चंपतरावांचं डॉक्टरांना. कोणाला मूळव्याध, कोणाला जुलाब, गल्लीला औषधाआधी कळू लागलं. गणपतराव साखर मागवत, तर डॉक्टर म्हणत, "अजिबात खायची नाही!" तक्रार केली, तर रविंद्र म्हणाला, "मामाजी, पुढच्या मॉडेलमध्ये ठीक होईन."

"पुढच्या साली लंगडणार नाही म्हणून आज बैल कोण घेते गा, जावईबापू?" असं चंपतराव म्हणाले खरे, पण जावई गेल्यावर, एकटे खाटेवर बसून.

मला मात्र ते शेअर घेतील तर हवंच होतं. शेअरवाल्याला एक फोन फुकट मिळणार होता, आणि माझ्यासारख्या नकल्याला याहून मोठं खेळणं कोणतं? प्रेमिलाकाकूंच्या आवाजात "अहो, चहा!" म्हणून मी त्यांना तीनदा उठवलं होतं. चौथ्यांदा ते चिडले.

"फोनवर फसवून दाखव, तर शेअर घेतो, फोन तुले देतो! नाही जमलं, तर स्लॅब पडल्यावर रोज पाणी मारशीन."

"लागली शर्त!"

दुसऱ्याच दुपारी डॉक्टर झोपले असताना मी त्यांचा रिसीव्हर उचलला. चंपतराव गल्लीचे आजार ऐकायला कान लावून बसलेले असणार, याची खात्रीच होती. घसा खाकरला. "देखिए चंपतरावजी, शेअर थोडेच उरले!"

"नमस्कार साहेब!" आवाज असा मऊ, की मी मनातल्या मनात फोन घरी नेला. "एक विचारू? दोन घरी तुमचा फोन चालत नाही, वायरवाला तुम्ही बंद केला. लोकांनी हा नाही घेतला, तर कंपनी काय खाईन?"

 साहेबांच्या आवाजात मी रविंद्रचंच उत्तर उसनं घेतलं. "ते... पुढच्या मॉडेलमध्ये..." म्हणालो, आणि तोंडानंच खरखर काढून रिसीव्हर ठेवला.

बाहेर आलो, तर समोर चंपतराव आपल्या दारात उभे. मांडी थोपटून हसत होते.

"काका, कसं ओळखलं?"

"घंटी कुठं वाजली गा? हिंगण्याचा साहेब घंटीशिवाय घरात कसा घुसला? आवाज काढला, घंटी काढाची राहिली!" मग म्हणाले, "पण बरं झालं. जावयाले विचारता येत नव्हतं, ते तुले विचारून घेतलं. जवाब भेटला."

संध्याकाळी त्यांनी रविंद्रला सांगितलं, तेही घसा खाकरून, "देखिए जावईबापू, जमाना स्लॅब का है." रविंद्र आधी रुसला. मग डोहाळे लागलेल्या बायकोला इथं माहेरी थंड खोली मिळणार हे कळल्यावर हसला.

स्लॅब पडली. मी रोज सकाळ-संध्याकाळ वर बादल्या नेतो. आणि खालून, माझ्या चौथ्या बादलीला हमखास, चंपतराव खाटेवरून ओरडतात, "ट्रिंग ट्रिंग! उचल गा साहेब, कोपरा सुका राहिला!"