हार्ड डिस्कवरचं कुंकू

लिहिणं हे माझं काम नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, चार ओळी नीट जमतील याचीही खात्री नाही. तरी बसलोय, तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी मी देऊळघाटच्या आमच्या वावरात वांग्याच्या एकाच ओळीचे रोज फोटो काढले, रोपं लावल्यापासून दसऱ्यापर्यंत. कीड कुठून येते, कशी पसरते, ते बघायचं होतं. फोटो घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर जायचे. "एकाच ठिकाणी ठेवलेलं काम म्हणजे न केलेलं काम," असं प्रकल्पाच्या मॅडमनी बजावलं होतं, म्हणून दर रविवारी सगळं बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवून ती पेटीत ठेवायचो.

दसऱ्याला आईनं विळा, कुदळ, फवारणीचा पंप यांच्या शेजारी डिस्कही पाटावर मांडली. "तुहा सारा अभ्यास याच्यातच हाय ना? मंग हे बी अवजारच." ओलं कुंकू लावलं, वर अक्षता टाकल्या. मला हसू आलं, बरंही वाटलं.

तिसऱ्या दिवशी कॉम्प्युटर सुरूच होईना. बुलढाण्याच्या दुकानदारानं आतली डिस्क गेली म्हणून सांगितलं. प्रकल्प जमा करायला आठ दिवस उरले होते आणि पावसातली ती झाडं आता पुन्हा कुठून आणणार? पेटीतली बाहेरची डिस्क घेऊन कॉलेजात गेलो, तर तिच्यात वायर बसेना. खाचेत कुंकू वाळून घट्ट झालं होतं, आणि एक तांदूळ अडकला होता.

घरी येऊन ओट्यावर बसलो.

"काऊन बे, तोंड पाडून बसला?" बाबांनी विचारलं.

मी डिस्क दाखवली. आई कपाळाला हात लावून म्हणाली, "अरे बापा! म्याच बुजवलं का रे?"

"पंपाच्या नोझलात कचरा गेला त पंप फेकून देतं काय?" बाबा म्हणाले. "आण इकडं. अन् फुकू नको, थुका जाते आत."

नोझल साफ करायचा त्यांचा मऊ ब्रश त्यांनी घेतला. डिस्क पालथी धरायची, ब्रश बाहेरच्या बाजूला ओढायचा, मग हलकेच टिचकी. तांदूळ पडला. मग लाल भुकटी पडत राहिली, पडत राहिली, आणि शेवटी पडायची थांबली.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात वायर लावली. सरकन बसली. निळा दिवा लागला. एकेक रविवार उघडून पाहिला, सगळे होते. भर लॅबमध्ये मी "हाव!", म्हणजे आमच्याकडचं "हो!", असा ओरडलो, की पोरं वळून बघायला लागली. त्याच दुपारी आणखी दोन प्रती केल्या, आणि मुदतीआधी दोन दिवस प्रकल्प जमा केला.

नंतर दीड महिना काहीच कळलं नाही. मी विचारायलाही कचरत होतो. शेवटी मोताळ्याच्या बाजारात भाजी मांडत असताना मॅडमचा फोन आला: विद्यापीठाच्या प्रदर्शनासाठी आमच्या कॉलेजातून एकच प्रकल्प निवडला होता, आणि तो माझा होता.