देवकाबाई आणि बंद मिलचा भोंगा

कळमघाटात घड्याळं विकत घेतली जायची ती लग्नात आहेर द्यायला. वेळ कळायला कागदाच्या मिलचा भोंगा होता. सकाळच्या भोंग्याला चुली पेटत, दुपारच्या भोंग्याला सासवा आडव्या होत आणि संध्याकाळच्या भोंग्यावर गुत्त्यातली भांडणं मिटत, कारण भांडणाऱ्यांपैकी एकाला तरी पाळीवर जायचं असे. आता मिल बंद, भोंगाही बंद. सगळं गाव कानात पाणी गेल्यासारखं मान वाकडी करून फिरतं आहे. त्यात सगळ्यात जास्त फिरते ती देवकाबाई.

देवकाबाई ढिवरांची, म्हणजे नदीवरच्या मासेमारांची. वर्धा नदीच्या या काठावर मिलच्या आधी होतं काय, तर ढिवरांच्या झोपड्या आणि पैलतीरी नेणारा एक डोंगा. मग मिल आली. धानोऱ्याकडच्या जंगलातून बांबूचे ट्रक येऊ लागले. तेलुगू बोलणारे फिटर आले, छत्तीसगडचे हमाल आले, मुलचेऱ्याकडच्या निर्वासित वस्तीतला एक बंगाली येऊन रसगुल्ले विकू लागला. माझ्या बापासारखे आसपासच्या खेड्यांतले बौद्ध कामगार आले आणि त्यांनी मिलच्या भिंतीला लागून विहार बांधला. गावात रेल्वेगाडी थांबायला लागली तेव्हा लोक असे ऐटीत चालायचे, जणू इंजिन त्यांनीच ओढत आणलं. नदीला मात्र कुणी विचारलं नाही. तिचं पाणी चहासारखं झालं. वास असा की गावात आलेली नवी नवरी आठवडाभर नाकाला पदर लावून असे, आणि वर्षभरानं तिलाच माहेरी चुकल्याचुकल्यासारखं होई.

मी अश्वजित. मिलच्या गेटसमोर माझं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. पाळी सुटायच्या वेळी देवकाबाई माझ्या छपराच्या सावलीत मासळीची टोपली मांडून बसायची. जागा माझी, सावली माझी, आणि मी जरा टोपलीकडे पाय केला की ओरडा मलाच. तिचा नवरा मनसाराम वरच्या डोहातून मरळ, झिंगे धरून आणायचा आणि ही विकायची. सगळा ढिवरपुरा मिलमध्ये शिरला तरी मनसाराम शिरला नाही. शेवटी काविळीनं गेला.

त्याचं फेकजाळं तेव्हापासून देवकाबाईच्या ओसरीत खुंटीवर आहे. आमच्या घाटावरच्या ढिवरांत रीत अशी, की बाप गेला की त्याचं जाळं पोरानं पहिल्यांदा ओलं करायचं. तोवर त्याला कुणी पाणी दाखवायचं नाही. पोरानं ते फेकलं की बापाचा डोह पोराचा आणि पोरगा घाटाचा. देवकाबाईचा पोरगा प्रफुल बापाचे दिवस झाले तसा मिलमध्ये हेल्पर म्हणून लागला. जाळं कोरडंच राहिलं.

मिल बंद पडली तशी देवकाबाईची दोन्हीकडून ओढाताण सुरू झाली. गेटवर गिऱ्हाईक नाही म्हणून ती चिडायची, आणि नदी निवळून मासळी परत आली म्हणून खुलायची. दिवसातून कितीदा गेटवर येई, कुलूप पाही, घाटावर जाई, परत येई. "बाई, बसा जरा," म्हटलं की म्हणायची, "बसून काय करू भाऊ? टाइम कटत नाई." खरं तर तिला एकच घोर होता. प्रफुल हैदराबादेत कुठल्याशा गोदामात कामाला जायचं म्हणत होता. पोरगा गेला की येत नाही हे तिनं गल्लीत घरोघरी पाहिलं होतं. तो एकदा बापाचं जाळं फेकेल तर नदी त्याला धरून ठेवील, अशी तिची पक्की समजूत. मला ही समजूत भाबडी वाटायची, पण तिच्यासमोर ते बोलायची माझी छाती नव्हती.

जायच्या आदल्या सकाळी प्रफुल कबूल झाला. "एकडाव ओलं करून देतो, मंग मले अडवू नोको," म्हणाला. देवकाबाईनं डोंग्याला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. म्हातारा लच्छू ढिवर साक्षीला काठावर बसला. हे सगळं मला त्यानंच नंतर सांगितलं. प्रफुल डोंग्यात उभा राहिला, जाळ्याची दोरी मनगटाला गुंडाळू लागला. देवकाबाई गुडघाभर पाण्यात डोंग्याची कड धरून उभी होती.

आणि भोंगा वाजला.

आता इथं हसायचं असेल तर आधी मला हसा. मी दुकानाचं शटर धाडकन वर केलं आणि हवा भरायचा पंप घेऊन रस्त्यावर आलो. समोरून माणसं धावत होती. कुणाच्या हातात रिकामा डबा, कुणी शर्टाची बटणं लावतोय. फिटर व्यंकटी तर लुंगीवरच निघाला होता. आणि त्या गर्दीत पुढं प्रफुल, चिखलाच्या पायांनी, आणि त्याच्या मागं देवकाबाई, डोक्यावर टोपली. टोपलीत काही नव्हतं. सवयीनं उचलली आणि पळत सुटली.

गेटमधून एक भंगारवाला बाहेर आला. गर्दी पाहून बिचारा घाबरला. "अरे भाई, कुछ नहीं," म्हणाला, "उतारने से पहले जनरेटर पे चला के देखा, चालू है के नहीं." मग आमच्या डोळ्यांदेखत त्याच्या माणसांनी भोंगा खाली काढला आणि टेम्पोत टाकला. एवढं गाव हलवणारी वस्तू हंड्याएवढी होती. मला फार राग आला, आणि तो कुणावर काढावा ते कळेना.

तेवढ्यात देवकाबाईनं टोपली खाली टाकली. "डोंगा!" एवढंच म्हणाली.

डोंगा बांधायचं दोघांनाही सुचलं नव्हतं. आम्ही पळत घाटावर गेलो तर लच्छू खालच्या अंगाला हात करून ओरडत होता. मिलनं उन्हाळ्यात पाणी अडवायला घातलेला रेतीचा बंधारा अर्धा वाहून गेला होता. त्याच्या उरलेल्या तोंडाशी डोंगा आडवा अडकला होता. जाळं कडेवरून घसरून सगळंच्या सगळं पाण्यात पसरलं होतं.

प्रफुल पोहत गेला, डोंगा ओढून आणला. जाळं जड लागलं म्हणून पाहिलं तर त्यात एक मरळ तडफडत होती.

"आता?" प्रफुलनं लच्छूला विचारलं.

लच्छूनं बराच वेळ डोकं खाजवलं. "आता काय? नदीनंच ओलं केलं. तुह्यानं नाई झालं, पोरा. आता ज्याले वापराचं त्यानं वापरा."

देवकाबाई रडेल, भांडेल, पोराला चार शिव्या देईल असं मला वाटलं. तिनं मरळ सोडवली, जाळ्याचा एक कोपरा पिळला आणि प्रफुलकडे न बघता म्हणाली, "भोंगा वाजला तं मी बी पयालीच नं. तुले कोन्त्या तोंडानं अडवू? जाय तू. ही मरळ खाऊन जाय." मला तिथं उभं राहवेना. मी दुकानावर निघून आलो.

प्रफुल गेला. देवकाबाई आता मनसारामचं जाळं घेऊन स्वतः डोहावर जाते. बाईमाणसानं फेकजाळं फेकावं का यावर ढिवरपुऱ्यात कुरकुर झाली, पण मरळ स्वस्त मिळते म्हटल्यावर थांबली. तिची येरझार मात्र थांबलेली नाही. जाळं फेकायला हात उचलते आणि मध्येच थबकून मिलच्या चिमणीकडे कान देते, असं लच्छू सांगतो.

परवा माझ्या दुकानात बसून ती फोनवर बोलत होती. फोन कानापासून वीतभर लांब धरते, म्हणून दोन्हीकडचं बोलणं अख्ख्या रस्त्याला ऐकू येतं.

"तिथी भोंगा वाजते का रे?"

"नाई आई. इथी मशिनवर अंगठा लावा लागते."

देवकाबाई फोन जवळ घेऊन हळूच म्हणाली, "मंग सकाळी तुले उठवते कोन?"