सोळा औंस पाणी

नागपूरच्या सव्वीस मैलांच्या शर्यतीत कमिटीनं आम्हा धावणाऱ्यांना फसवलं. वाटेत तीन ठिकाणी पाणी मिळेल असं छापील पत्रकावर कबूल केलं आणि एकाही ठिकाणी थेंब ठेवला नाही. महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या पुढच्या वर्षीच्या फाल्गुनातली ही गोष्ट. मी मरता मरता वाचलो, म्हणून लिहू शकतो आहे.

शर्यतीनंतर तिसऱ्या दिवशी अकोल्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी माझ्या लघवीची बाटली खिडकीच्या उजेडात धरली. सकाळपासून बाटलीत जेमतेम दोन बोटं जमली होती आणि तिचा रंग बिनदुधाच्या, फार उकळलेल्या चहासारखा होता. डॉक्टर वयस्कर होते. लढाईत फौजेबरोबर ब्रह्मदेशात जाऊन आलेले. त्यांनी मला विचारलं, "अंगावर भिंत पडली होती का तुमच्या?"

"नाही. पळालो."

"किती?"

"सव्वीस मैल. त्यातला शेवटचा अर्धा मैल राहिला."

त्यांनी बाटली खाली ठेवली. "अक्यूट रीनल फेल्युअर," ते म्हणाले. म्हणजे मूत्रपिंडांनी एकाएकी काम टाकणं. त्यांनी मला समजावून सांगितलं. उन्हात, अंगात पाणी नसताना फार पळाल्यामुळे मांड्यांचे स्नायू फुटले. त्यांचा रंग रक्तात उतरला आणि मूत्रपिंडांत जाऊन अडकला. बॉम्ब पडून ढिगाऱ्याखाली दबलेल्या माणसांत त्यांनी हे पाहिलं होतं. पळणाऱ्या माणसात पहिल्यांदाच पाहत होते.

"मग लघवी सुरू कवा होईन?" मी विचारलं.

"दहा दिवस लागतील, बारा लागतील. परदेशात यासाठी यंत्र आहे, आपल्याकडे नाही. तोवर तुम्हाला जिवंत ठेवायचं, एवढंच माझ्या हातात."

"अन् नाही झाली तर?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. बाजारात समोरचा माणूस असं काही करू लागला की मी समजून जातो.

मी अमरावतीचा संत्र्यांचा व्यापारी. वडिलांच्या मागे काही उरलं नव्हतं, जे केलं ते पायांनी केलं. चौदाव्या वर्षापासून वरूडच्या मोटारस्टँडवर उभा राहायचो. नागपूरहून गाडी आली की कंडक्टरकडून त्या दिवशीचा भाव ऐकायचा आणि बांधाबांधानं बागेकडे पळत सुटायचं. दुसरे व्यापारी बैलबंडीनं पोचेपर्यंत माझा सौदा झालेला असायचा. अशानं मी मोठा झालो. धंदा जमल्यावरही सवय सुटली नाही. रोज पहाटे बडनेऱ्याच्या रस्त्यानं जाऊन यायचो. लोक हसायचे, "शेठ, आता काय आणून राह्यले पळत?" तरी मी पळायचो. पळताना डोक्यातला सगळा बाजार बंद पडतो. ते सुख दुसऱ्या कशात नाही.

म्हणून नागपूरच्या शर्यतीचं पत्रक आलं तेव्हा मी नाव दिलं. पत्रक मी कराराच्या कागदासारखं वाचलं. सकाळी सहाला सुरुवात. तीन ठिकाणी पाणी. बाहेरच्या कुणाकडून काही घेतल्यास स्पर्धक बाद. मला अटी पटल्या. शब्द दिला आणि घेतला, असं मी समजलो.

सहाची शर्यत सव्वानऊला सुटली, कारण प्रमुख पाहुणे आले नव्हते. आम्ही सव्वातीन तास उन्हाकडे बघत उभे होतो. पाहुण्यांनी झेंडी दाखवली तेव्हा डांबर तापू लागलं होतं.

सहाव्या, बाराव्या आणि अठराव्या मैलावर पाणी असेल, असं सुटताना सांगितलं होतं. सहाव्या मैलावर पोचलो. तिथे एक पाटी होती आणि पाटीखाली एक कुत्रं झोपलं होतं. बाराव्या मैलावर पाटीही नव्हती. मी मनाशी म्हणालो, अठराव्यावर असेल, छापलेलं आहे.

पंधराव्या मैलाच्या पुढे रस्त्याकाठी एक विहीर आली. एक म्हातारी पाणी शेंदत होती. मला पाहून ती लोटा भरून रस्त्यात आली. "पे बाबा. थोडंसं पे अन् मंग जाय." लोट्यातून पाणी हिंदकळत होतं, तिच्या मनगटावरून ओघळून कोपरापाशी थेंब धरत होतं. मी चौथा होतो. तिसरा मला दिसत होता. लोटा घेतला असता तर बाद झालो असतो. मी हात जोडले आणि पुढे गेलो. कमिटीचा अपराध कमिटीचा, पण तो लोटा मी नाकारला हे मला कबूल केलं पाहिजे. अजूनही डोळे मिटले की तिच्या कोपरावरचा तो थेंब दिसतो आणि तो पडत नाही.

अठराव्या मैलावरही काही नव्हतं. त्यानंतरचं मला जसं आठवतं तसं सांगतो. घाम येणं बंद झालं आणि अंगाला गार वाटू लागलं. पाय माझे राहिले नाहीत, पण चालू होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना संत्र्यांच्या बागा उभ्या राहिल्या. नागपूरच्या त्या रस्त्यावर बागा नाहीत, हे मला ठाऊक होतं. तरी झाडं फळांनी वाकलेली होती आणि प्रत्येक फळ आतून उजळलेलं, साल काचेसारखी, आत नुसतं स्वच्छ पाणी. मी पळता पळता माल डोळ्यांनी मोजत होतो, या झाडावर इतकी, त्या झाडावर तितकी. कुणीतरी माझ्या शेजारून पळत होतं. मी मान वळवून पाहिलं तर चौदा वर्षांचा मीच होतो, ओठांवर भाव घोकत चाललेला.

शुद्ध आली तेव्हा मला उचलून आणून शर्यत संपते तिथल्या मंडपात टाकलं होतं. आणि तिथे, माझ्या डोळ्यांसमोर, ओल्या फडक्यांत गुंडाळलेले तीन रांजण होते. पाहुणेमंडळी पेले भरून घेत होती. छातीला कमिटीची फीत लावलेल्या एका माणसाला मी विचारलं, हे पाणी कुणाचं? तो सहज म्हणाला, "तुमचंच. रस्त्यावर न्यायचे होते, पण साहेब म्हणाले पाहुणे आले, इथंच राहू द्या." मला उठून त्याची फीत ओढायची होती. हात वर होईना. सात पेले प्यायलो आणि सगळं ओकलो.

संध्याकाळच्या पॅसेंजरनं मी अकोल्याला गेलो, कारण माझी बायको द्वारका तिथे माहेरी होती. वाटलं, दोन दिवस मांड्या दुखतील, मग बरं. दुसऱ्या दिवशी लघवी काळी झाली. कुणी म्हणालं उष्णता आहे, सब्जा घाला. मी एक दिवस सब्ज्यात घालवला. तुम्ही पळणारे असाल तर माझं ऐका. पळून आल्यावर लघवी काळी दिसली तर घरचं औषध करत बसू नका, त्याच तासाला दवाखाना गाठा. तिसऱ्या दिवशी लघवी जवळजवळ थांबली, तोंड सुजलं आणि द्वारकेनं भावाला टांगा आणायला पाठवलं.

डॉक्टरांनी पहिला नियम सांगितला तो ऐकून मला हसावं की रडावं कळेना. "दिवसाला सोळा औंस पाणी, म्हणजे अर्धा लिटरही नाही. थेंबभरही जास्त नाही." शरीरातून पाणी बाहेर जात नाही, म्हणून आत जाईल ते फुप्फुसांत साचेल आणि माणूस आतल्या आत बुडेल, असं ते म्हणाले. डाळ बंद, मीठ बंद. साखरेचं पाणी तेवढं, तेही त्याच सोळा औंसांत. आणि संत्री बंद. संत्र्यात पोटॅशियम नावाचा क्षार असतो. मूत्रपिंडं चालत नसली की तो रक्तात साठतो आणि हृदय एकदम थांबवतो. माझा मेव्हणा शेषराव टोपली भरून माझ्याच बागेची संत्री घेऊन आला होता. "खा ना भाऊजी, एकानं काय होते?" द्वारकेनं टोपली उचलून व्हरांड्यात ठेवली. वास मात्र आत येत राहिला.

वॉर्डात रूथ सिस्टर होत्या, मूळच्या परतवाड्याच्या. पाणी द्यायचं काम त्यांच्याकडे होतं. दोन औंसांचा एक लहानसा पितळी पेला त्यांनी ठरवला. दिवसाला आठ पेले. माझी जीभ सुजून टाळूला चिकटली होती, बोलता येत नव्हतं. मी चादरीखालून हात पुढे केला आणि त्यांची बोटं धरली. बाजारात आम्ही रुमालाखाली बोटं धरून भाव करतो, शेजारच्याला कळू नये म्हणून. मी वीस मागितले.

सिस्टर दचकल्या नाहीत. त्यांनी माझी बोटं धरून आठ सांगितले. मग हसून म्हणाल्या, "भाऊ, माह्या बापाचा जन्म परतवाड्याच्या बैलबाजारात गेला. मले नका शिकवू."

त्या दिवशी सौदा मोडला. दुसऱ्या दिवशी मी अठरावर आलो, त्या दहावर आल्या. मी तोंड फिरवलं. डॉक्टरांवर ओरडायचा प्रयत्न केला, आवाज निघाला नाही म्हणून पेला भिंतीवर फेकला. तिसऱ्या दिवशी सकाळी सिस्टरनी चादरीखाली हात घातला आणि सोळावर सौदा पक्का केला. आठाचे सोळा! अंगात ताप होता, श्वास लागत होता, पण मी जिंकल्यासारखा झोपलो.

पुढचे दिवस मला सलग आठवत नाहीत. अकोल्यात तेव्हा जिनिंगचा हंगाम होता. कापसाचे तंतू हवेवर तरंगत खिडकीतून आत यायचे आणि पलंगांवर उतरायचे. मला वाटायचं, वॉर्ड हळूहळू कापसात बुडतो आहे आणि मी त्यावरून पावलांचा आवाज न करता पळतो आहे. व्हरांड्याच्या टोकाला नळ ठिबकत होता. एकेक थेंब पडायला इतका वेळ लागायचा की मधल्या वेळात मी बडनेऱ्याला जाऊन यायचो. कधी ती म्हातारी पलंगाच्या पायथ्याशी उभी असायची. मी म्हणायचो, आता दे, आता मी शर्यतीत नाही. ती म्हणायची, "आता डागदर नाही म्हणते बाबा."

द्वारका ओलं फडकं माझ्या ओठांवर फिरवायची. एकदा मी ते दातांत धरून चोखलं. तिनं ओढून घेतलं आणि माझ्याकडे पाठ करून बसली. तिचे खांदे हलत होते. मला तेव्हा तिचा राग आला होता. आज लिहिताना लाज वाटते.

अकराव्या दिवशी सकाळी बाटलीत चार औंस लघवी आली. बाराव्या दिवशी चौदा. तेराव्या दिवशी बाटली भरली आणि दुसरी आणावी लागली. रंग आमच्या विहिरीच्या पाण्यासारखा. डॉक्टरांनी बाटली पुन्हा उजेडात धरली आणि या वेळी लगेच खाली ठेवली नाही. "आता प्या," ते म्हणाले. "आता जेवढं बाहेर जाईल तेवढं, आणि वर आणखी प्यायचं."

द्वारकेनं तांब्या तोंडाला लावला. मी सावकाश प्यायलो. ते पाणी घशातून उतरताना मला प्रत्येक बोटभर वाट ओळखता येत होती.

दवाखान्यातून सुटी मिळाली त्या दिवशी मी तो पितळी पेला आठवण म्हणून मागितला. हातात घेतल्याबरोबर वजन चुकीचं वाटलं. आत बोट घातलं. बुडाशी मेण ओतलेलं होतं, बरोबर अर्ध्या उंचीपर्यंत. आयुष्यभर मी प्रत्येक मापाचं बूड आधी पाहिलं, आणि हे मात्र निजल्या निजल्या तोंडाला लावत राहिलो.

"सिस्टर," मी म्हणालो, "हे काय होय?"

"मेण होय. आमच्या चर्चमधल्या मेणबत्तीचं."

"तुमी मले मापात मारलं!"

"मंग काय करू? तुमी आठात ऐकून नाही राह्यले. अन् तरकीब तुमचीच. पहिल्या रात्री तापात बडबडत होते ना, वरूडचा कोनता व्यापारी पायलीच्या बुडाले मेण लावते म्हून. मले नवीनच होतं ते."

द्वारका पदर तोंडात धरून हसत होती. तिला पहिल्यापासून ठाऊक होतं. मी रागावलो, मग मीही हसलो, मग खाटेच्या कडेला बसून राहिलो. सोळा पेले म्हणजे बरोबर सोळा औंस. त्या बाईनं मला जेवढं कबूल केलं तेवढं मोजून दिलं आणि जे घातक होतं ते मेणानं भरून काढलं. माझ्या आयुष्यात मला फसवून कुणी इतकं काही दिलं नाही. तो पेला आज माझ्या दुकानाच्या गादीवर असतो. मेण काढलेलं नाही.

मी आता पळतो, पण थोडं, आणि विहीर दिसली की थांबतो. कुणी लोटा पुढे केला तर नाही म्हणत नाही. आजारानं मला इतकं शिकवलं.

पण म्हणून हिशेब मिटला असं कुणी समजू नये. दवाखान्यातून आल्यावर मी कमिटीला पत्र लिहिलं. उत्तर आलं की स्पर्धकानं आपली प्रकृती तपासून मगच भाग घ्यायला हवा होता. रांजणांबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. या वर्षीचं पत्रक परवा माझ्या हाती आलं आहे. सकाळी सहाला सुरुवात. तीन ठिकाणी पाणी. बाहेरच्या कुणाकडून काही घेतल्यास बाद. तेच शब्द, तोच छापखाना. अमरावतीची पाच-सहा तरुण मुलं नावं द्यायला निघाली आहेत.

कमिटीच्या चिटणीसांना माझं सांगणं आहे. त्या दिवशी रांजण मंडपात ठेवा म्हणणारे साहेब कोण, त्यांचं नाव मला कळवा, आणि त्यांनी आपल्या सहीनं लिहावं की पाहुण्यांची तहान आमच्या तहानेपेक्षा मोठी कशी ठरली. आणि या वेळी पत्रकावर "तीन ठिकाणी पाणी" असं मोघम छापू नका. सहाव्या, बाराव्या आणि अठराव्या मैलावर कोण उभा राहणार, त्या तीन माणसांची नावं छापा. ती नावं वाचेपर्यंत मी या मुलांपैकी एकालाही गाडीत बसू देणार नाही. बोला, कोण उभं राहतं?