तसबिरीचा मी लावलेला अर्थ

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही. तुम्हाला का सांगतोय — कोण जाणे.

लग्नाआधी मी परदेशात, बुइटनव्हेल्डर्ट नावाच्या उपनगरात, एका खोलीच्या फ्लॅटमध्ये भाड्याने राहायचो. भिंतीवर घरमालकीणबाईंची एक जुनी इंग्रजी तसबीर होती, व्हिक्टोरिया राणीच्या काळातली, छापील. सकाळची प्रार्थना चालली आहे. बाप पोथी वाचतोय आणि बायकापोरं गुडघे टेकून, खुर्च्यांवर तोंडं लपवून बसलीयत. आई पुण्याहून आली, तिने ती बराच वेळ न्याहाळली. "अरे, कोण गेलं यांच्यात?" मग कोपऱ्यातली मोलकरीण दिसली, एकटीच डोळे उघडे ठेवलेली. "हिचं दूध उतू जातंय वाटतं!"

हसलो आम्ही. मग तिने साडीच्या घडीतून बाळकृष्ण काढला आणि विचारलं, कुठे ठेवू?

काय झालं मला तेव्हा? शनिवारी ऑफिसची मंडळी यायची — त्यांच्यासमोर निरांजन, घंटा, उदबत्ती... मला लाज वाटली. देवाची नाही हो, आईची. मी तसबिरीकडे बोट दाखवलं. म्हटलं, घरमालकीणबाई फार धार्मिक आहेत, घरात दुसऱ्या देवाची पूजा चालत नाही त्यांना, म्हणून तर हे लावलंय.

तिने निमूटपणे देव परत बॅगेत ठेवला. रोज आंघोळ झाली की तसबिरीलाच हात जोडायची. आणि मी, शहाणा, समोर बसून टोस्ट खायचो.

एवढ्यावर थांबलं असतं तर — पण नाही. एकदा बाई बॉयलर बघायला आल्या. आईला हात जोडताना पाहून त्यांना गंमत वाटली. मला म्हणाल्या, फ्रेम आवडली म्हणून जुन्या बाजारातून घेतली होती, मी तर चर्चला जातही नाही; तुझ्या आईचा देव मात्र बघायला आवडेल. आईने विचारलं, "काय म्हणतायत?" बॅग तिथेच पलंगाखाली होती. मी म्हटलं, "तुम्ही नियम पाळता, बरं वाटलं म्हणतात." केवढी खूश झाली ती!

पुण्याला गेल्यावर तिने फोनवर सांगितलं — देवाला इतके दिवस उपाशी ठेवलं, त्याचं प्रायश्चित्त म्हणून चहातली साखर सोडली. तिने! तिचा काय दोष होता?

अजूनही सोडलेलीच आहे. परवा व्हिडिओ कॉलवर चहाचा घोट घेताना तिचं तोंड वाकडं झालं. मी म्हटलं, "थोडी घाल ना गं."

"नको रे. देवाला शब्द दिलाय."

 मी विचारलं, तिकडे उकडतंय का.