दगडावरचा भरलेला पेला

नगर जिल्ह्यातील समस्त कर्जतकरांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, आपला फोटोग्राफर जॉर्जिया देशातून सुखरूप परतला असून तिकडच्या पाहुणचारामुळे त्याच्या एकाही पँटचे बटण लागत नाही.

गेलो होतो स्मशानांचे फोटो काढायला. तिकडे थडग्याच्या दगडावर माणसाचा चेहरा कोरतात, शेजारी टेबल-बाक मांडतात आणि घरचे येऊन मेलेल्यासोबत जेवतात. आपण पिंडाला कावळा शिवायची वाट बघतो. ते थेट पंगतच बसवतात.

काखेती भागातल्या एका गावात मी थडग्यांमध्ये वाकलेला असताना नोदार नावाच्या म्हाताऱ्याने मला दंडाला धरून घरी नेले. अंगणात द्राक्षांचा मांडव, मागे बर्फाचे डोंगर. त्याची बायको मनाना हिने खाचापुरी (चीज भरलेली जाड, गरम पोळी) वाढली. नको म्हटले की आणखी एक येई. जमिनीत पुरलेल्या क्वेव्रीतून (रांजणातून) घरची वाइन निघाली. सगळ्यांचे पेले भरले, नोदारचा सोडून.

"बाबांचं यकृत गेलंय," दुभाषी झालेली मुलगी नीनो म्हणाली. "थेंबही बंद. यंदाची द्राक्षतोडणी काही बघणार नाहीत."

"माझ्या दगडासाठी फोटो काढ," नोदार म्हणाला. "हातात पेला पाहिजे. भरलेला."

आपल्याकडे जित्या माणसाच्या फोटोला चुकून हार लागला तर घरात रणकंदन होते. मी म्हणालो, "अभद्र बोलू नका." नीनोने ते वाक्य पोहोचवलेच नाही.

नोदार पेला घेऊन बसला. मनाना त्याच्या गळ्याचे बटण लावत खेकसली, "नीट बस. दगडावर हा सदरा पुन्हा बदलता येणार नाही!"

म्हातारा खदखदून हसला. तेवढेच टिपले मी. मग त्याने पेल्याचा वास घेतला आणि माझ्याकडे पाहिले. मी लेन्स पुसत बसलो. मनानाने पेला हलकेच काढून घेतला.

कर्जतला आल्यावर काही आठवड्यांनी नीनोने मोबाईलवर थडग्यावर बसवलेल्या त्या दगडाचा फोटो पाठवला. काळ्या दगडात नोदार हसत होता, हातात पेला. सगळी हकीकत सांगत मी तो मोठ्या दिमाखात आईपुढे धरला. माझी आई म्हणजे दारूच्या नावाने जन्मभर शिव्या घालणारी बाई. तुरी निवडता निवडता तिने मोबाईल डोळ्यांजवळ नेला. आणि मग एकदम ओरडली,

"आरं, पेला तसाच भरलेला हाय की! एक घोट पिऊ द्यायचा हुता की रं त्याला!"